टांग्यामागे धावणारे गृहस्थ

जळगावात एखादा सिनेमा पडला की आमच्या लोटनभाऊंची तब्येत सुधारायची, आणि एखादा चालला की ते सुटायचे. हे वाक्य मी कुठेही बोललो की ऐकणारा माझ्याच तब्येतीची चौकशी करतो, म्हणून जरा नीट सांगतो.

तेव्हा गावात नवा सिनेमा लागला की त्याच्या जाहिरातीचा टांगा फिरायचा. दोन्ही बाजूंना पोस्टर डकवलेल्या फळ्या, वर कर्णा, आत बॅटरी, टेपरेकॉर्डर आणि माईक धरून बसलेला एक माणूस. गाणं वाजत टांगा निघायचा, चौक आला की थांबायचा, गाणं बंद, मग घोषणा, मग पुन्हा गाणं. या टांग्याच्या मागे दोन हात सोडून, खाकी हाफपँट, बनियन, खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट आणि कानाला घट्ट मफलर अशा थाटात चाळिशीचे एक गृहस्थ पळत असायचे. टांगा थांबला की तेही थांबायचे. म्हणजे पुढे जायचे थांबायचे. पाय जागच्या जागी चालूच. उन्हाळ्यात खिशात कांदा असायचा, ऊन लागू नये म्हणून. तो कांदा पळताना मांडीवर आपटायचा आणि त्याचाही एक ठेका व्हायचा.

आता हिशेब लक्षात येईल. सिनेमा पडला की पुढच्या शुक्रवारी दुसरा, म्हणजे टांगा पुन्हा रस्त्यावर आणि लोटनभाऊ टांग्यामागे. पण सिनेमा चालला, तिकीटबारीवर गर्दी फुटू लागली, की थेटरचा मालक टांगा बंद करायचा. गर्दी असलेल्या सिनेमाची जाहिरात कोण करणार? एकदा एक रडका कौटुंबिक सिनेमा लागला आणि धरणगाव-बोदवडपासूनच्या बायका दोन-दोन रुमाल घेऊन येऊ लागल्या. तो महिनोन्‌महिने उतरेना. लोटनभाऊंची हाफपँट कमरेला बसेना. थेटरवरून जाताना त्या बायकांच्या रांगेकडे बघून ते म्हणायचे, "बठ्ठा वैताग शे."

हे त्यांचं अहिराणी पालुपद, म्हणजे सगळा वैताग आहे. चहात साखर जास्त पडली, बस लवकर आली, बस उशिरा आली, साहेब रागावले, साहेब हसले, बठ्ठा वैताग शे. मी त्यांना एकदा विचारलं होतं की तुम्हाला जगात वैताग नसलेली गोष्ट कोणती. त्यांनी बराच विचार केला आणि विचार करायला लावल्याबद्दल माझ्यावरच वैतागले.

आम्ही एकाच सरकारी कचेरीत होतो. ते आवक-जावकच्या टेबलावर, मी समोरच्या टेबलावर नव्यानेच चिकटलेलो. शिक्के मारायचे ते तालात. मनात गाणं असेल तर टपाल भराभर निघायचं, नसेल तर पत्रांचा ढीग आणि ढिगामागे लोटनभाऊंचा आंबट चेहरा. मला वाटलं, आपण मदत करावी. एका दुपारी मी तोंडातल्या तोंडात एक उडत्या चालीचं गाणं गुणगुणायला लागलो. लोटनभाऊंचा हात उठला, शिक्का नाचू लागला, आणि ढीग संपल्यावर ताल मोडू नये म्हणून शेजारचा गठ्ठाही त्यांनी ओढला. तो साहेबांच्या मुलीच्या लग्नपत्रिकांचा होता. जिल्हाभरच्या पाहुण्यांना त्या पत्रिका नवरा-नवरीच्या नावावर जावक शिक्का घेऊन गेल्या. साहेबांनी लेखी खुलासा मागवला तो लोटनभाऊंकडून. त्यांनी लिहिलं, 'कामाच्या ओघात.' माझं नाव घेतलं नाही. बाहेर येऊन मला एवढंच म्हणाले की गाणं बरं होतं, पण दुसऱ्या कडव्याला तू लय सोडलीस.

नुसतं तब्येतीसाठी पळणाऱ्यांचा त्यांना राग होता. मेहरूण तलावावर पहाटे डॉक्टरने पाठवलेली मंडळी यायची, त्यांच्याकडे ते रांगेत घुसलेल्या माणसाकडे बघावं तसे बघायचे. म्हणायचे, नुसता घामच काढायचा तर घरी बसावं, जळगावातच राहतो ना आपण. माणसाला पळायला पुढे काहीतरी लागतं आणि कानात काहीतरी लागतं. पुढे काही नसेल तर तो पळत नाही, पळून जातो.

त्यांच्या पुढे टांगा होता, आणि टांग्यात भिला होता.

माईक धरून बसणारा तो माणूस म्हणजे भिला. दोघे एकाच गावचे, धरणगावच्या पलीकडचे. लहानपणी तापात भिलाचे दोन्ही पाय गेले. आवाज मात्र असा की नेहरू चौकात बोलला तर पुढच्या चौकातला माणूस तिकीट काढायला निघावा. लोटनभाऊ रोज सकाळी त्याच्या खोलीवर जायचे, त्याला पाठुंगळी घ्यायचे आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या टांग्यात नेऊन बसवायचे. संध्याकाळी पुन्हा टांग्यातून खोलीवर. टांग्यामागे पळण्याची सुरुवातही अशीच झाली. एकदा भिलाला बसवताना उशीर झाला, कचेरी गाठायची होती, टांगा त्याच रस्त्याने निघाला होता आणि गाणं लागलेलं होतं. कचेरीच्या दारात पोचल्यावर लोटनभाऊंच्या लक्षात आलं की आपल्याला धाप लागलेली नाही. गाणं बंद झालं आणि मग लागली. तेव्हापासून कचेरीआधी आणि कचेरी सुटल्यावर ते टांग्यामागेच असायचे.

भिला त्यांना सोडायचा नाही. रडका सिनेमा एकदाचा उतरला आणि टांगा पुन्हा निघाला, तेव्हा पाठीवर बसता बसता म्हणाला, "पहिले तुनी पाठना हाडं टोचेत. आते गादी लागस." आणि टांगा फिरत असताना चौकात लोक लोटनभाऊंकडे बघून हसायला लागले की कर्ण्यावरून शांतपणे सांगायचा, "प्रेक्षकांना सूचना. टांग्यामागे धावणारे गृहस्थ या चित्रपटात काम करत नाहीत." लोटनभाऊ जागच्या जागी पळत त्याच्याकडे डोळे वटारायचे. त्यांचा सूड एकच होता. पडेल सिनेमाला गर्दी व्हावी म्हणून मालक 'शेवटचे दोन दिवस' अशी घोषणा करायला लावायचा, आणि ते दोन दिवस पंधरवडाभर चालायचे. भिलाने 'शेवटचे दोन दिवस' म्हटलं रे म्हटलं की मागून लोटनभाऊ ओरडायचे, "लबाड बोलस." लोक हसायचे. मालकाने तक्रारही केली होती. पण टांग्यामागे पळण्यावर बंदी आणणारा कायदा जळगाव नगरपालिकेत कुणाला सापडला नाही.

भिलाबद्दलची खरी गोष्ट मला कळली ती माझ्या परोपकारामुळे. एप्रिलचं ऊन होतं, डांबर बुटाला चिकटत होतं. टांगा आमच्या कचेरीसमोर थांबला आणि भिला त्या उन्हात घसा फोडत होता. मी उसाच्या रसाचा ग्लास घेऊन गेलो. तो नको म्हणाला. मला वाटलं संकोच करतोय. आपल्याकडे नको म्हणणाऱ्याला पाजल्याशिवाय आग्रह पुरा होत नाही. मी एक पाजला, दुसरा पाजला, तिसऱ्याला बर्फ जास्त घातला. संध्याकाळी लोटनभाऊ माझ्या टेबलापाशी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अहिराणीत झापलं.

"तो दिनभर पानी पेत नही. तुले मालूम नही का? त्याले उतारी लेवाले कोन शे तठे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भिलाला खाली उतरवून घेणार कोण? टांगेवाला म्हातारा, त्याला भिला उचलवत नसे. लोटनभाऊ कचेरीत. म्हणून सकाळी टांग्यात बसल्यापासून संध्याकाळपर्यंत हा माणूस पाण्याचा थेंब घेत नसे, आणि अख्ख्या शहराला ओरडून 'आज चार खेळ' सांगायचा. त्या दिवशी माझ्या तीन ग्लासांमुळे भर बाजारात त्याची जी अवस्था झाली ती मी इथे लिहीत नाही. लोटनभाऊंनीही पुरती सांगितली नाही. जाताना म्हणाले, त्याला आपली स्वतःची तीनचाकी सायकल पाहिजे, हाताने चालवायची. मग माझ्या पाठीची गरज नाही अन्‌ तुझ्या रसाची भीती नाही.

ती सायकल कुठून येणार हे त्यांना भिलानेच सांगितलं, तेही कर्ण्यावरून.

शहरातल्या एका समितीने अपंगांच्या मदतीसाठी दौड ठेवली होती. तिच्या जाहिरातीला टांगा लावला होता. भिलाने नेहमीच्याच आवाजात वाचलं, की जो धावपटू दौड पूर्ण करेल त्याला एका गरजू अपंग बांधवाचं नाव सुचवता येईल आणि त्या बांधवाला समितीतर्फे तीनचाकी सायकल मिळेल. वाचताना त्याने मागे बघितलंसुद्धा नाही. एखाद्या मारधाडीच्या सिनेमाची घोषणा करावी तशी घोषणा केली आणि गाणं लावलं. लोटनभाऊ जागच्या जागी पळत होते. टांगा निघाला तरी ते तिथेच पळत राहिले. पहिल्यांदाच त्यांचं गाणं पुढे गेलं आणि ते मागे राहिले.

त्या दिवसापासून त्यांच्या पळण्यात वेगळाच ताव आला. पहिली अडचण मात्र लगेच उभी राहिली. टांग्याशिवाय त्यांचे पाय उचलत नसत, म्हणून ते समितीकडे जाऊन टांगा बरोबर नेण्याची परवानगी मागून आले. समितीतला माणूस म्हणाला, शर्यत माणसांची आहे. लोटनभाऊ म्हणाले, घोडा बाजूने चालेल, त्याचं नाव नका लिहू. तो म्हणाला, घोडा पहिला आला तर? लोटनभाऊंनी घोड्याचं वय सांगितलं, पण परवानगी मिळाली नाही.

माघातली सकाळ. धावपटू वेळेवर हजर, पाहुणे नव्हते. ठरलेली वेळ झाली तसे लोटनभाऊ जागच्या जागी पळू लागले. मी त्यांना सांगितलं, थांबा, पाहुणे यायचेत. ते म्हणाले, पत्रिकेत वेळ छापलीय. पाहुणे आले तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. मग खिलाडूपणावर भाषण झालं, मग फुगे सोडले, त्यातला एक निंबाला अडकला म्हणून तो काढून पुन्हा सोडला. लोटनभाऊ पळतच होते. शर्यत सुरू झाली तेव्हा त्यांची एक शर्यत पळून झाली होती.

मी त्या दौडीत स्वयंसेवक होतो. माझं काम एवढंच, की एका चौकात उभं राहून लाल झेंडीने धावपटूंना डावीकडे वळवायचं. पहिले धावपटू मी व्यवस्थित वळवले. मग उजवीकडच्या रस्त्याने एक वरात आली. नवरदेव घोड्यावर, मारुतीच्या दर्शनाला निघालेला, पुढे बँड. वेळेवर सुरू झाली असती तर ही शर्यत आणि ती वरात एकमेकींना भेटल्याच नसत्या. बँडने एक गाणं धरलं आणि वरातीतल्या कुणीतरी माझा हात धरून मला आत ओढलं. मला नाचता येत नाही, पण हे मला नाचायला लागल्यावरच आठवतं. मी नाचत होतो, माझी झेंडीही नाचत होती, आणि ती नेमकी उजवीकडे नाचत असताना लोटनभाऊ आले.

दोष नुसत्या झेंडीचा नव्हता. ते गाणं त्याच महिन्यात पडलेल्या सिनेमातलं होतं. भिलाने ते पंधरवडाभर टांग्यावर वाजवलं होतं. लोटनभाऊंच्या पायांना ते ओळखीचं होतं, डोक्याला काही विचारायची त्यांना सवयच नव्हती. पाय बँडमागे वळले. मारुतीपर्यंत गेले, मारुतीपासून मांडवापर्यंत गेले. गाणं थांबलं तेव्हा लोटनभाऊ मांडवाच्या दारात होते आणि मुलीचा काका त्यांच्या हातात टॉवेल-टोपी ठेवत होता. मुलीकडच्यांना वाटलं, नवरदेवाचे कुणी काका नवसाने पळत आले असावेत. पंगतीला बसवलं. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी. वाढलेल्या पानावरून उठायचं कसं? आणि बट्टी खाल्लेला माणूस पळतो कसा, हे खानदेशी माणसाला विचारू नये.

दुपारी ते शेवटच्या रेषेपाशी आले, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. समितीने सांगितलं, तुम्ही मार्ग सोडलात, तुम्ही बाद.

संध्याकाळी त्यांनी भिलाला पाठीवर घेतलं. भिला म्हणाला, "जेवन तरी चांगलं व्हतं का?"

"वांगामा मीठ कमी व्हतं," लोटनभाऊ म्हणाले. "बठ्ठा वैताग शे."

पुढच्या वर्षी त्याच समितीची दौड धुळ्याला होती. नियम तोच. या वेळी मी पक्का बंदोबस्त केला. माझा आतेभाऊ मस्कतहून आला होता आणि त्याच्याकडे कमरेला लावायचा वॉकमन होता. तोवर मी तसलं यंत्र फक्त पोस्टरमध्ये पाहिलेलं. कानात गाणं, घोडा नको, बँड नको, परवानगी नको. कॅसेट भिलाने स्वतः भरून दिली. गाण्यांच्या मधे त्याचा आवाज होता. 'लोटन, आता चढ आहे, मागे बघू नको.' 'लोटन, घोडा दमला, तू दमू नको.'

आदल्या दिवशी एसटीने आम्ही निघालो. लोटनभाऊंना पुढे जागा मिळाली, मला मागे. वॉकमन माझ्या पिशवीत होता. एरंडोलपर्यंत मी तो चालतो का हे तपासलं. पारोळ्यापर्यंत तो नीट चालतो का हे तपासलं. पारोळ्याच्या पुढे मला काही तपासायचं नव्हतं, पण गाणी चांगली होती. धुळ्याला उतरलो तेव्हा माझी मान तालात हलत होती आणि आतले सेल मरणपंथाला लागले होते, हे मला कळायचं काही कारण नव्हतं. मी असलं यंत्र पहिल्यांदाच वापरत होतो.

सकाळी दौड सुरू झाली. या वेळचे पाहुणे वेळेवर आले, बोललेही थोडं. सगळं इतकं सुरळीत होतं की लोटनभाऊंना शंका आली. मी धुळ्यातल्या माझ्या मावशीकडची सायकल घेऊन बाजूने चाललो होतो. आग्रा रोडवरून निघून पांझरेच्या पुलापर्यंत त्यांनी निम्म्या लोकांना मागे टाकलं. मी सायकलवरून हात उंचावून ओरडत होतो. मग पुलापलीकडे त्यांचा वेग जरा कमी झाला. मला वाटलं दम राखताहेत. मग आणखी कमी झाला. मागे टाकलेले लोक एकेक करून पुढे जायला लागले. मी जवळ जाऊन बघितलं तर लोटनभाऊ स्वप्नात पळावं तसे पळत होते. पाऊल उचलायचं, हवेत थांबायचं, मग सावकाश खाली. मी त्यांच्या कानातलं एक बोंडुक ओढून माझ्या कानाला लावलं. आत गाणारी बाई आता पुरुषाच्या आवाजात गात होती, आणि तो पुरुषही खूप आजारी होता.

"लोटनभाऊ, काढा ते. सेल संपलेत. नुसते पळा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना पंगतीतून अर्धं ताट टाकून उठायला सांगितलं.

"गाणं चालू शे ना," ते म्हणाले. "चालू गाणामा पुढे कसा पळू?"

मी खूप समजावलं. वैतागलो, हात जोडले. शेवटी मीच वैतागून सायकल ढकलत त्यांच्या बाजूने चालू लागलो, आणि चालता चालता मीच पुढे जायला लागलो. गाणं पुरतं मेलं तेव्हा कानात काहीच उरलं नाही आणि ते उभे राहिले. मग मी सायकलच्या घंटीवर ताल धरला. बेसूर होता, पण त्या तालावर ते उरलेलं अंतर पळत आले.

आम्ही पोचलो तेव्हा मांडव उतरवला होता. कमान आडवी पडली होती. समिती जेवायला गेली होती. मांडववाल्यांची दोन माणसं बांबू बांधत होती. जमिनीवर फक्कीची रेष तेवढी होती, पायांनी पुसत आलेली. लोटनभाऊंनी ती ओलांडली. मांडववाल्यांतला एक म्हणाला, "काका, गाडी चुकली का?"

समितीचे सचिव आग्रा रोडवरचे एक कापडवाले शेठ होते. आम्ही दुकानात गेलो. मी घडलेलं सगळं सांगितलं, फक्कीची रेष, बांबू, सेल, एरंडोल, सगळं. शेठ भला माणूस होता, त्याने चहा मागवला. पण म्हणाला, समिती उठली म्हणजे शर्यत संपली. शर्यत संपल्यावर आलेल्याने शर्यत पूर्ण केली असं कसं म्हणायचं? पुढच्या वर्षी या. लोटनभाऊंनी चहा प्यायला, बशी खाली ठेवली आणि उठले.

पुढच्या रविवारी ते पुन्हा धुळ्याला निघाले. मला म्हणाले ट्रान्झिस्टर घे. नवे सेल घाल आणि एसटीत लावू नको.

शेठचं दुकान उघडलं तसे ते समोरच्या फरशीवर उभे राहिले. खाकी हाफपँट, बनियन, मफलर. शेठला म्हणाले की मांडव उतरल्यामुळे माझी शर्यत तुमच्या हिशेबात आली नाही, ती मी आता तुमच्या डोळ्यांसमोर पूर्ण करून देतो, समितीने उठू नये. आणि जागच्या जागी पळायला लागले. टांग्यामागे चौकाचौकात जे केलं होतं तेच. लग्नसराई होती. बायका साड्या घ्यायला आलेल्या, त्या पायरीवरच थबकल्या. रस्त्यावर माणसं जमली. मी ट्रान्झिस्टर लावला. कापसाचे बाजारभाव लागले. तूर, उडीद, मूग यांच्या तालावर कुणाला पळता येत नाही. लोटनभाऊ अडखळायला लागले. मी काटा फिरवला तर प्रवचन लागलं, त्यात मोक्ष फार सावकाश येत होता. मी घाबरून बटण जोरात फिरवलं आणि ते माझ्या हातात आलं.

आता आवाज नव्हता. लोटनभाऊंचे पाय मंदावले. शेठने सुटकेचा श्वास सोडला.

दुकानाच्या कोपऱ्यात एक शिंपी बसायचा. त्याला त्या दिवशी कुण्या नवरीचं पोलकं पुरं करून द्यायचं होतं. त्याने पायडल मारलं. खटखट, खटखट, खटखट. लोटनभाऊंची मान हलली. पायांनी ताल पकडला. शेठने शिंप्याला थांब म्हटलं. नवरीची आई मधे पडली, म्हणाली, थांब कसा, संध्याकाळी हळद आहे. शिंपी शिवत राहिला, लोटनभाऊ पळत राहिले, आणि प्रत्येक पोलक्यानंतर दुसरं पोलकं होतं. दुपारपर्यंत शेठने सरबत, लस्सी आणि जेवण असं सगळं देऊ केलं. लोटनभाऊ म्हणत, चालू शर्यतीत काही घेत नाही. मागच्या खेपेची वांगी त्यांना आठवत असावीत. शेवटी शेठ बाहेर आला, हात जोडले आणि विचारलं, नाव काय त्या माणसाचं?

लोटनभाऊंनी भिलाचं पूर्ण नाव सांगितलं, गावासकट. मग थांबले. मी त्यांना धरलं म्हणून पडले नाहीत.

नाव लिहून घेणं आणि सायकल येणं यांच्या मधे आपल्याकडे काय काय असतं ते मी सांगायला नको. आधी सायकली पुण्याहून यायच्या होत्या, मग त्या आल्या पण चाकं नव्हती, मग चाकं आली पण पाहुण्यांची तारीख मिळेना. लोटनभाऊ समितीला पत्रं लिहायचे, स्वतःच जावक शिक्का मारायचे, आणि उत्तर आलं नाही की वैतागायचे. याच काळात गल्लीगल्लीत केबल आली. लोक घरबसल्या सिनेमा बघू लागले. थेटर आधी रिकामं झालं, मग बंद झालं, मग लग्नाचा हॉल झालं. टांगा थांबला. भिला घरी बसला. त्याला उचलून नेण्यासाठी कुठे जायचंच उरलं नाही. लोटनभाऊ तरीही रोज सकाळी त्याच्या खोलीवर जायचे, अर्धा तास बसायचे, मग कचेरीत यायचे. पळणं थांबलं होतं. पुढे काही नव्हतं आणि कानातही काही नव्हतं. शिक्के मारायचे ते नुसते मारायचे.

सायकल मिळाली तो समारंभ मी पाहिला नाही; माझी तोवर नाशिकला बदली झाली होती. पेपरात फोटो आला होता. पाहुणे, शेठ, हार, सायकलचा हँडल. भिलाचा चेहरा पाहुण्यांच्या कोपरामागे होता. लोटनभाऊ फोटोत नव्हते.

त्यानंतर एकदाच मी जळगावला गेलो आणि लोटनभाऊंकडे उतरलो. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा. भिला आता बसस्टँडबाहेर कंगवे-रुमाल विकत होता, आपला आपण जाऊन येऊन. संध्याकाळी तो लोटनभाऊंच्या अंगणात आला तेव्हा मी सायकल निरखून पाहिली. दोन्ही हातांनी फिरवायची पायडलं, साखळी, बसायला गादी आणि हँडलला लटकवलेली पाण्याची छागळ. बोलता बोलता भिला छागळीतून घटाघट पाणी प्यायचा. मला पाहून म्हणाला, "उसाचा रस पाजतो का?" सायकल चालवली की साखळी मात्र जीवघेणी कुरकुरायची, कुईं-कच, कुईं-कच. मी मनात म्हटलं, या दोघांसाठी आपण आजवर जे केलं त्याने नुकसानच झालं, निदान एवढं तरी नीट करावं. वहिनींकडून शिवणयंत्राची तेलाची बुधली मागून घेतली आणि दोघे आत चहा पीत असताना साखळीला कडीन्‌कडी तेल पाजलं.

सकाळी मी मेहरूणच्या रस्त्यावर त्यांच्याबरोबर गेलो. लोटनभाऊ हाफपँट-बनियनमध्ये, केस पांढरे, मफलर तोच. भिला पुढे, ते मागे. भिलाने पायडल फिरवलं आणि सायकल लोण्यासारखी सरकली. लोटनभाऊ तिथेच उभे. पाय उचलेना. त्यांनी कान पुढे केला.

"वाजत नही," ते म्हणाले. मग वळून माझ्याकडे बघितलं. "तेल कोनी टाकं?"

मी तलावाकडे बघायला लागलो. त्या कुरकुरीवरच हा माणूस कितीतरी महिन्यांपासून रोज सकाळी पळत होता, हे मला तेव्हा कळलं. लोटनभाऊंनी माझ्यावरची नजर काढली, कमरेवर हात ठेवले आणि तलावाला उद्देशून म्हणाले, "बठ्ठा वैताग शे."

पुढे भिला थांबला होता. त्याने छागळ उघडली, पोटभर पाणी प्यायला, तोंड पुसलं. दोन्ही हात पायडलांवर ठेवले. माईक नव्हता, कर्णा नव्हता. त्याने मान वर केली आणि त्या रिकाम्या रस्त्यावर मोकळ्या गळ्याने सुरुवात केली. प्रेक्षकहो, आज चार खेळ. सिनेमा कोणता ते मला आठवेना, थेटर तर केव्हाच हॉल झालं होतं. आवाज तसाच होता. टप्प्याटप्प्याने, ताल धरून. सायकल निघाली. लोटनभाऊंचा एक पाय उचलला, मग दुसरा.

"प्रेक्षकांना सूचना," भिला ओरडला, "मागे धावणारे गृहस्थ या चित्रपटात काम करत नाहीत."

पहाटे फिरायला आलेली डॉक्टरची माणसं थांबून बघायला लागली. ते दोघे निंबाच्या झाडांमागच्या वळणावर गेले, आधी सायकल दिसेनाशी झाली, मग बनियन. आवाज येत राहिला.

"त्वरा करा. शेवटचे दोन दिवस. फक्त शेवटचे दोन दिवस."

आणि त्याच्या मागून, धापा टाकत, "लबाड बोलस."